दुकानातला व्हॉल्व्ह बोटीला चालत नाही

धुळ्यात बोट आणली म्हटल्यावर आग्रा रोडवरच्या निम्म्या दुकानदारांनी मला वेड्यात काढलं आणि उरलेल्यांनी पांझरेत एवढं पाणी कधीपासून राहायला लागलं ते विचारलं. बोट माझी नाही, शालकाची. तो मुंबईला असतो. त्याने 26 फुटी फायबरची शिडाची बोट घेतली, अमेरिकन बनावटीची, वयाने त्याच्या लग्नापेक्षा मोठी. मुंबईत पावसाळ्याआधी अशा बोटी पाण्याबाहेर काढतात. यार्डाचं भाडं, कारागिरांचे नखरे आणि तिथली दमट हवा यांचा हिशेब करून त्याने मला फोन केला, "दाजी, बोटीला तळाशी पाच भोकं आहेत आणि त्यांवरचे व्हॉल्व्ह बदलायचेत. तुमचं तर व्हॉल्व्हचंच दुकान आहे!"

आहे खरं. पाइप, फिटिंग, पाण्याच्या मोटारी, ठिबकचं सामान. वडिलांपासूनचं. म्हणूनच सांगतो, माझ्या दुकानात भिंतीवर टांगलेला एकही व्हॉल्व्ह मी त्या बोटीला लावू दिला नाही. का, ते सांगायला हा लेख.

आधी ही भोकं कशाची ते सांगायला हवं, कारण आमच्याकडे नाव म्हणजे लाकडाची आणि तिला भोक म्हणजे संकट. शिडाच्या बोटीत छोटं इंजिन असतं, ते थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं. संडासाला पाणी आत घ्यावं लागतं आणि मैला बाहेर टाकावा लागतो. ओट्याच्या सिंकचं पाणी जायला वाट लागते. पाचवं भोक पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचं. बाकीच्या प्रत्येक भोकात बाहेरून टोपीदार नळी घालतात, तिला थ्रू-हल म्हणतात. आतल्या बाजूने तिच्यावर चेकनट, म्हणजे नळी आवळून धरणारा नट, आणि त्याच्यावर व्हॉल्व्ह, तो सीकॉक. सगळा कारभार पाण्याच्या रेषेखाली.

आता आकडा बघा. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल आणि तिथली फिटिंग तुटली, तर मिनिटाला साधारण 140 लिटर पाणी आत येतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी सात मिनिटांत भरेल, एवढं. शेतातला व्हॉल्व्ह गळला तर केळीच्या एका खोडाला जास्त पाणी मिळतं, मालक दोन शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येतो. इथे दुसऱ्या दिवशी दुकानात यायला माणूस तरंगत राहिला पाहिजे.

बोट लो-बेड ट्रकवर कसारा घाटातून आली. अवधान एमआयडीसीत एका मित्राची शेड रिकामी होती, तिथे लाकडी ठोकळ्यांवर उभी केली. मी आधी आत उतरलो आणि पॅनल उघडून व्हॉल्व्ह बघितले. तीन गेट व्हॉल्व्ह. तेच, चाक फिरवायचं आणि आत पाचर वर-खाली होते ते. विहिरीच्या मोटारीवर मी हे डोळे झाकून देतो. पण बोटीच्या तळाशी गेट व्हॉल्व्ह म्हणजे आंधळा कारभार. चाकाकडे बघून तो उघडा आहे की बंद ते कळत नाही. पाचरीखाली वाळू किंवा शंखाचा तुकडा अडकला की तो बंद झाल्यासारखा वाटतो, होत नाही. आतला दांडा झिजून तुटला तर चाक मजेत फिरत राहतं आणि पाचर जागची हलत नाही. इंजिनच्या पाण्याचा व्हॉल्व्ह अगदी तसाच निघाला. चाक फिरतंय, खाली काहीच नाही. पाव फेरीचा बॉल व्हॉल्व्ह त्यामानाने प्रामाणिक: दांडी नळीच्या रेषेत असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद. अंधारात हात लावूनही कळतं.

तो व्हॉल्व्ह काढताना पाइप पान्याने जेमतेम जोर दिला, तर त्याची मानच हातात आली. तुकडा शिळ्या कळण्याच्या भाकरीसारखा तुटला. बाहेरून हिरवट-पिवळा आणि तुटलेल्या तोंडावर गुलाबी. मी दुकानात पुतण्याला आणि नोकरांना मुद्दाम दाखवायला तो आणून ठेवलाय. हा गुलाबी रंग ओळखून ठेवा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बाजारातल्या बहुतेक पितळी व्हॉल्व्हमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. खाऱ्या पाण्यात हे जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते भुसभुशीत तांबं. आकार तोच, आटे तेच, वजनही हाताला फारसं कमी लागत नाही, पण ताकद गेलेली. गोड्या पाण्यात हा रोग सहसा इतका जोर करत नाही, म्हणून आमच्या गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. त्याचा पितळी व्हॉल्व्ह वीस वर्षं टिकतो आणि त्याला वाटतं, पितळ म्हणजे अमर.

मग लावायचं काय? गनमेटल. पितळेत जस्त भरपूर, गनमेटलमध्ये तांबं आणि कथील मुख्य. नेहमीचं मिश्रण म्हणजे तांबं 85 टक्के आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी 5. आपल्याकडे आयएस 318 या भारतीय मानकात याला एलटीबी-2 म्हणतात आणि वॉटरवर्क्सचे जुने चांगले व्हॉल्व्ह, आयएस 778 वाले, याच धातूचे ओततात. जस्त इतकं कमी की निघून जायला फारसं काही नसतंच. स्टेनलेस स्टील का नाही, असं पुतण्याने विचारलं. स्टेनलेसला टिकायला पृष्ठभागावर ऑक्सिजन लागतो. सीलंटच्या खाली, फटीत, साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही आणि तिथे ते आतून पोखरत जातं, वरून चकचकीत राहून. काचतंतू भरलेल्या नायलॉनचे सीकॉकही मिळतात आणि ते खरोखर चांगले असतात, पण शालकाला धातूच हवा होता. पैसे त्याचे.

गनमेटल मागितलं की गनमेटल मिळतं, असं मात्र समजू नका. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने 'मरीन ब्रॉन्झ' म्हणून पाठवलेला पहिला संच मी काउंटरवर ठेवला आणि कडेला कानस मारली. पिवळाधमक. गनमेटल कानशीखाली लालसर दिसतं, तांब्याकडे झुकलेलं. खात्रीसाठी आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याला बोलावलं. या बाबतीत त्याच्यासारखा जाणकार नाही, कारण गनमेटलचा भाव पितळेपेक्षा वर असतो आणि रोज वजनकाट्यावर तो हाच फरक करून पोट भरतो. त्याने एक कानस मारली, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "शेठ, पितळ." माल परत गेला. व्यापाऱ्याने फोनवर बराच वेळ मला धातुशास्त्र शिकवलं. दुसऱ्याकडून मागवलेला संच लाल निघाला.

यानंतरची भानगड आट्यांची. यात मी जरा रमतो, गिऱ्हाईक कंटाळतं, पण तुम्ही वाचताय तर वाचा. जुन्या थ्रू-हलवर मी दुकानातला पाऊण इंची चेकनट चढवून बघितला, तर चढला. जरा घट्ट, पण चढला. दीड इंचीवर बघितला तर दोन-तीन फेऱ्यांत आडला. थ्रेड गेज लावला आणि उलगडा झाला. आपल्याकडे ब्रिटिश पद्धतीचे बीएसपी आटे, कोन 55 अंशांचा. अमेरिकन आट्यांचा कोन 60 अंशांचा. पाऊण इंचीत दोन्हीकडे एका इंचात 14 आटे, म्हणून नट चढतो आणि माणूस फसतो. एक इंचीपासून दोन इंचीपर्यंत आपले 11 आणि त्यांचे साडेअकरा. अर्ध्या आट्याचा फरक तीन फेऱ्यांत उघडा पडतो.

त्याहून वाईट म्हणजे मूळ बांधणीतच गोम होती. थ्रू-हलला सरळ आटे होते, कारण चेकनट कुठेही थांबवता यायला हवा. वर बसवलेल्या व्हॉल्व्हला मात्र आतून निमुळते आटे. सरळ आणि निमुळते एकमेकांत गेले की चार-सहा आट्यांतच घट्ट बसतात. प्लंबरला वाटतं, जाम बसलं, झकास. प्रत्यक्षात अख्ख्या व्हॉल्व्हचं आणि त्यावरच्या नळीचं ओझं त्या चार आट्यांवर. घरातल्या पाइपात हे खपून जातं, कारण पाइपला भिंतीत क्लॅम्प असतात. बोटीत त्या व्हॉल्व्हवर कधी तरी कोणाचा तरी पाय पडणारच. अमेरिकन बोट-बांधणीच्या मानकात, एबीवायसीच्या एच-27 मध्ये, सीकॉकने 500 पौंडांचा भार तीस सेकंद सहन करावा अशी अट आहे. म्हणजे सव्वादोनशे किलो, सिमेंटच्या साडेचार गोण्या. चार आट्यांवर तो भार कसा पेलणार? म्हणून आम्ही एकाच कंपनीचे थ्रू-हल आणि सीकॉक घेतले, दोन्हीकडे सरळ बीएसपी आटे, आणि सीकॉकला स्वतःचं बूड, तीन बोल्टांचं. भार बुडावर जातो, आट्यांचं काम फक्त पाणी अडवायचं.

जुन्या नळ्या काढणं हे निव्वळ हमालीचं काम. आतून चेकनट सुटतच नव्हते. बाहेरून ग्राइंडरने टोपीची कड घासून काढली, सगळीकडे हिरवी धूळ, मग आतल्या बाजूला ठोकून नळ्या पाडल्या. भोकाभोवती जाड चिकटपट्टी लावा, नाहीतर ग्राइंडर घसरला की जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावर, कायमची सही करून जातो. एक भोक थोडं मोठं करायचं होतं. होल-सॉला, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीला, मधोमध आधार लागतो आणि इथे तर मध्यावर भोकच! त्यासाठी जुन्या भोकात सागाचा गोल ठोकळा घट्ट बसवायचा आणि त्याच्या मध्यावर ड्रिल धरायचं.

खोली मोजणाऱ्या यंत्राचं भोक शालकाला नको होतं, नवं यंत्र आतूनच फायबरमधून बघतं म्हणे. ते बुजवायचं. यासाठी एमआयडीसीतला फायबरवाला बोलावला, जो कूलरची टपं आणि ट्रॅक्टरची छतं बनवतो. हात सफाईदार. तो बघून म्हणाला, दोन तुकडे मॅट मारतो, अर्ध्या तासात मोकळं. मी म्हटलं, थांब बाबा. बोटीचा तळ 12 मिलिमीटर जाड. भोकात नुसतं बूच भरलं तर ते कडेला चिकटलेलं राहतं, एवढंच. कडा एकास बाराच्या उताराने घासायच्या, म्हणजे 12 मिलिमीटर जाडीला चहूबाजूंनी 144 मिलिमीटर. दोन इंची भोकासाठी फुटाहून मोठा उथळ खळगा. मग त्यात लहान-मोठ्या गोल कापडांचे थर. भोक दोन इंचांचं आणि डाग परातीएवढा का, हे त्याला पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर त्याने उतार असा घासला की मी पट्टी लावून बघत राहिलो.

त्याचं नेहमीचं सामान म्हणजे पॉलिस्टर रेझिन आणि चटई मॅट. जुन्या, पिकलेल्या फायबरवर पॉलिस्टरपेक्षा इपॉक्सी जास्त धरतं, म्हणून आम्ही इपॉक्सी घेतलं. पण मग त्याची मॅट चालत नाही. त्या मॅटमधले सुटे तंतू ज्या बाइंडरने एकत्र राहतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट कडक राहते, पोटात हवा धरते. इपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं काचकापडच हवं. फायबरवाल्याने इतकी वर्षं हे ऐकलं नव्हतं, कारण कूलरच्या टपाला इपॉक्सी कोण लावतो!

आणि मग आमचं ऊन. मे महिन्यात धुळ्याचा पारा 42-43 वर. याचा एक मोठा फायदा झाला: बोटीचा तळ, जो वर्षानुवर्षं पाणी पीत बसला होता, तो इथे खडखडीत वाळला. मुंबईच्या दमट हवेत यालाच हीटर लावून बसावं लागलं असतं. पण इपॉक्सीला ऊन मानवत नाही. डब्यावर घट्ट व्हायची वेळ 25 अंशाला तीस मिनिटं लिहिलेली असते. तापमान दहा अंश वाढलं की वेळ साधारण निम्मी होते. दुपारी डब्यात ढवळून ठेवलं तर दहा मिनिटांत डबा हातात धरवत नाही, वाफा येतात. उपाय सोपा: सगळ्यात हळू घट्ट करणारा हार्डनर घ्यायचा, थोडं थोडं ढवळायचं आणि डब्यात न ठेवता लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं, म्हणजे उष्णता साठत नाही. पहाटे काम करावं असं सगळे सुचवत होते. मी संध्याकाळ धरली. सकाळी लावलं की ऊन चढत जातं, सामानातल्या बारीक छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या थरात बुडबुडे येतात. संध्याकाळी सगळं थंड होत जातं, हवा आकसते, रेझिन आत ओढलं जातं.

सीलंटचं बरोबर उलटं! आम्ही पॉलियुरेथेन वापरलं. ते हवेतल्या ओलाव्याने पिकतं आणि ओलावा आमच्याकडे मे महिन्यात असतो कुठे? इपॉक्सी घाईला आलेलं आणि सीलंट ढिम्म. मुंबईत नेमकं याच्या उलट झालं असतं. आम्ही बाहेर आलेल्या सीलंटच्या कडेवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला, शेडमध्ये ओली पोती टांगली आणि त्याला हात न लावता सोडून दिलं. बिल्डिंगच्या कामाचा सिलिकॉन आणू का, असं पुतण्या विचारत होता. सिलिकॉन पाण्याखाली नको. शिवाय त्याचा तेलकट अंश मागे राहतो, मग पुढे तिथे रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही धरत नाही. थ्रीएमचं 5200 फार जण सांगतात. ते इतकं घट्ट धरतं की पुढच्या वेळी काढणारा तुम्हाला नावं ठेवेल. त्याच कंपनीचं 4200 पाणी तितकंच अडवतं आणि नंतर सुटतं. आम्ही 4200 घेतलं.

बसवण्याआधी तळाला आतून पाट चिकटवले. बोटीचा तळ गोलसर, सीकॉकचं बूड सपाट. मध्ये पाट नसेल तर बूड कडेवर टेकतं आणि बोल्ट आवळले की तडकतं. पाटाला लाकूड चालतं, पण ओलाव्याने कुजतं. बेकेलाइटची शीट कागदी असते, पाणी पिते. इलेक्ट्रिकल पॅनलवाल्यांकडे काच-इपॉक्सीची शीट मिळते, 12 मिलिमीटरची, तिचे गोल कापून घेतले. पाटातच आटे पाडले आणि बोल्ट तिथपर्यंतच ठेवले, म्हणजे तळाला एका फिटिंगपायी आणखी तीन भोकं पडली नाहीत.

थ्रू-हलच्या नळीत आत दोन छोटे कान असतात, त्यांत अडकवून नळी बाहेरून फिरवायची. त्याचा खास पाना बाहेरून मागवायचा तर व्हॉल्व्हपेक्षा महाग. मी अवधानच्या टर्नरकडे चित्र काढून गेलो: जाड पट्टी, टोकाला पायऱ्या, एक इंची पायरी, मग पाऊण, दोन बाजूंना खाचा. त्याने चित्र उलटसुलट करून विचारलं, "भाऊ, हाऊ पाना शे का खुरपं?" पण दुसऱ्या दिवशी दिलेला पाना असा बसला की कान आणि खाच यांत कागद सरकत नव्हता.

सुकं बसवून बघणं ही यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळे टाळतात. सीलंट न लावता सगळं जोडायचं. नळी लांब असेल तर ती सीकॉकच्या तळाला आतून टेकते, आणि मग तुम्ही कितीही आवळा, बाहेरची टोपी तळाला चिकटत नाही. वर लागतं घट्ट, खाली फट. मोजून नळी हॅक्सॉने कापायची, तोंड कानशीने साफ करायचं, पुन्हा सुकं बसवायचं. मग सगळं सुटं करून ॲसिटोनने पुसायचं आणि सीलंट लावून एकदाच. आतून पुतण्या सीकॉक धरून, बाहेरून मी पाना धरून. टोपीच्या कडेने चहूबाजूंनी सारखी माळ बाहेर आली की थांबायचं. तिथून पुढे जोर लावला तर सगळं सीलंट बाहेर आणि आत कोरडा धातू.

बाकी बारीकसारीक. होज निप्पलवर नळीला दोन क्लिपा, 316 स्टेनलेसच्या, स्क्रूसकट. अनेक क्लिपांचा पट्टा स्टेनलेसचा असतो आणि स्क्रू साधा, लोहचुंबक लावून बघा. प्रत्येक सीकॉकला दोरीने बांधलेलं एक निमुळतं मऊ लाकडाचं बूच, फिटिंग तुटली तर ठोकायला. ते शेजारच्या सुताराने फुकट दिले.

बोट पाण्यात न उतरवता तपासणी कशी करायची? सीकॉक बंद करून वर पारदर्शक नळी जोडली, छताला बांधली आणि पाण्याने भरून ठेवली. रात्रभर रेषा हलली नाही. यातून व्हॉल्व्ह आणि त्याचे सांधे कळतात, टोपीखालचं सीलंट कळत नाही. ते बोट पाण्यात उतरल्यावर कोरड्या कागदाने पुसून बघायचं आणि निदान पहिली रात्र बोटीवर काढायची. शालकाला तशी तंबी दिली आहे. पावसाळा संपला की बोट परत जाईल.

एक सीकॉक जास्तीचा मागवला होता, तो दुकानात काउंटरवर पडून होता. साक्रीकडचा एक नेहमीचा शेतकरी आला, हातात घेऊन वजन बघितलं, दांडी दोनदा फिरवली आणि म्हणाला, "हाऊ मना पंपले चालस का?" मी म्हटलं, आबा, चालतो, पण तुमच्या विहिरीला समुद्राचं पाणी लागलंय का? भिंतीवरचा पितळी काढून दिला. किंमत ऐकून त्याने नेहमीप्रमाणे दहा रुपये कमी केले.